निवृत्त सिनेटरांची साक्ष

अमेरिकेच्या सिनेटमधून निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांची निरोपाची भाषणे आणि मुलाखती गेल्या पंधरा वर्षांत इतकी एकसारखी झाली आहेत की वक्त्याचे नाव झाकून ठेवले तर त्याचा पक्ष ओळखता येऊ नये. २०१० मध्ये इंडियानाचे डेमोक्रॅट इव्हान बाय, २०१२ मध्ये मेन राज्याच्या रिपब्लिकन ऑलिंपिया स्नो आणि २०१७ मध्ये ॲरिझोनाचे रिपब्लिकन जेफ फ्लेक यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याची जी कारणे दिली, त्यांचा गाभा एकच होता: पूर्वी समोरच्या बाकांवर मित्र बसत, तडजोड करणाऱ्याला मान असे, आणि आता पक्षाची रेघ ओलांडणाऱ्याला घरचा रस्ता दाखवला जातो. २०२५ च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन टॉम टिलिस या मालिकेत सामील झाले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे कर आणि खर्चाचे मोठे विधेयक पुढे नेण्याविरुद्ध त्यांनी मत दिले, ट्रम्प यांनी प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, त्यांच्यासमोर दुसरा उमेदवार उभा करण्याची भाषा केली, आणि दुसऱ्याच दिवशी आपण २०२६ ची निवडणूक लढवणार नसल्याचे टिलिस यांनी जाहीर केले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, १८ वर्षे सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे नेतृत्व केलेले मिच मॅककॉनेल यांनीही निवृत्तीची घोषणा केली होती.

अशी घोषणा झाली की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू या वृद्ध लोकप्रतिनिधींना हरवलेल्या सौजन्ययुगाचे शेवटचे साक्षीदार मानते आणि त्यांच्या आठवणींतून आजच्या राजकारणावर उतारा शोधते. दुसरी बाजू ‘बैल गेला नि झोपा केला’ एवढे म्हणून त्यांची संपूर्ण साक्ष मोडीत काढते. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. जुने सिनेटर एकमेकांशी चांगले वागत होते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या चांगल्या वागण्यातून कोणाचे काम झाले आणि कोणाचे अडले, हा खरा प्रश्न आहे. निवृत्तीनंतरचे सत्य खरे की खोटे, हाही प्रश्न दुय्यम आहे. ते सत्य माहीत असताना, हातात मत असताना, या माणसाने ते कसे वापरले, हे आधी विचारले पाहिजे. हे दोन प्रश्न विचारले तर काही आठवणी सोन्याच्या ठरतात आणि काही निव्वळ आत्मसमर्थन. सरसकट पूजा किंवा सरसकट कुचेष्टा केली तर दोन्हींतला फरक हाती लागत नाही.

हा वाद किती वाईट रीतीने लढवला जातो, याचा नमुना २०१९ च्या जूनमध्ये दिसला. १९७३ ते २००९ अशी ३६ वर्षे सिनेटमध्ये काढलेले जो बायडन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फिरत होते. निधिसंकलनाच्या एका कार्यक्रमात त्यांनी मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड आणि जॉर्जियाचे हर्मन टॅलमॅज या दोन जुन्या सहकाऱ्यांची आठवण काढली. दोघेही वंशभेदाचे कट्टर समर्थक. आमचे फारसे कशावरच पटत नव्हते, पण सभ्यता होती आणि कामे होत होती, असा बायडन यांचा सूर होता. उमेदवारीच्या शर्यतीतले कृष्णवर्णीय सिनेटर कोरी बुकर यांनी माफीची मागणी केली, बायडन यांनी ती फेटाळली, आणि पुढे कित्येक दिवस वंशभेद्यांविषयी सौजन्याने बोलावे की बोलू नये यावर देशभर खल झाला. नेमके कोणते काम झाले, हा साधा प्रश्न या गदारोळात बराच काळ मागे राहिला. त्याचे उत्तर नोंदींमध्ये होते. शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी न्यायालये मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत पाठवण्याचे आदेश देत होती. त्या आदेशांना आळा घालणाऱ्या विधेयकासाठी १९७७ मध्ये तरुण बायडन यांनी न्यायविषयक समितीचे अध्यक्ष ईस्टलंड यांचे साहाय्य मागितले होते. म्हणजे ज्या कामात दोघांचे जमले, ते काम दोघांच्या मतभेदापलीकडचे नव्हते. त्या एका मुद्द्यावर त्यांचे मतच जुळत होते. बसच्या धोरणाविषयी प्रामाणिक शंका असणारे पालक तेव्हा दोन्ही वर्णांत होते, हे मान्य करू. पण त्या दशकात सिनेटमधले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य, मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रूक, बायडन यांच्या अशा प्रयत्नांना सभागृहात कडाडून विरोध करत होते. सौजन्याची ही गोष्ट ब्रूक यांच्या तोंडून ऐकली तर तिचा रंग वेगळा दिसेल.

जुन्या काळाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आहे आणि तो कमी लेखण्यात अर्थ नाही. त्या काळी वादविवाद थांबवून मतदान घ्यायचे तर दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागे. दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्यांनी लांबलचक भाषणे करून विधेयक रोखून धरण्याचे, म्हणजे फिलिबस्टरचे, अस्त्र उपसले होते आणि ते आठवडेच्या आठवडे चालले. सत्ताधारी पक्षच दुभंगलेला असल्यामुळे विरोधी रिपब्लिकनांशिवाय हे विधेयक मंजूर होणे अशक्य होते. विधेयकाची बाजू सांभाळणारे डेमोक्रॅट ह्यूबर्ट हम्फ्री यांनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांची मनधरणी केली, त्यांच्या दालनात बसून दुरुस्त्यांवर वाटाघाटी केल्या, श्रेय त्यांना मिळेल अशी व्यवस्था केली. १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीवरून आणण्यात आले आणि त्यांनी डोळ्याकडे बोट करून आपला होकार नोंदवला. नऊ दिवसांनी ७३ विरुद्ध २७ मतांनी विधेयक मंजूर झाले, आणि ३३ पैकी २७ रिपब्लिकन सदस्य त्याच्या बाजूने होते. आजच्या सिनेटमध्ये इतक्या मोठ्या प्रश्नावर अशी बेरीज कोणी करून दाखवावी.

पण याच कहाणीतला एक भाग आठवणीकार सहसा गाळतात. हे विधेयक प्रथेप्रमाणे न्यायविषयक समितीकडे गेले असते तर ते तिथेच कुजले असते, कारण समितीचे अध्यक्ष होते तेच ईस्टलंड. नागरी हक्कांच्या विधेयकांचा त्या समितीत काय अंत होतो हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी प्रथा बाजूला ठेवली आणि कनिष्ठ सभागृहाकडून आलेले विधेयक समितीला वळसा घालून थेट सभागृहाच्या कामकाजावर घेतले. मॅन्सफील्ड हे सिनेटमधले सर्वांत मृदू, सर्वांत सभ्य नेते म्हणून ओळखले जातात आणि ती ओळख योग्यच आहे. तरीही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम होण्यासाठी त्यांना एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा परंपरागत मान मोडावा लागला. डर्कसन यांच्याशी सौजन्य आणि ईस्टलंड यांच्याशी असौजन्य, या दोन्ही गोष्टी एकाच विधेयकासाठी आवश्यक होत्या. मग यशाचे श्रेय केवळ सौजन्याला कसे द्यायचे? शिवाय सभागृहाबाहेर अलाबामातील बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर नागरी हक्कांसाठी पोलिसांची कुत्री आणि पाण्याचे फवारे अंगावर घेणारी माणसे होती. त्यांनी आधीच्या वर्षी देशाला जागे केले नसते तर डर्कसन यांच्या दालनात बोलायला विषयच उरला नसता.

ज्या काळाला सुवर्णयुग म्हटले जाते, त्या काळात सभागृहातली मैत्री एका अलिखित करारावर उभी होती: दक्षिणेच्या सदस्यांना जो प्रश्न नको तो टोकाला न्यायचा नाही. झुंडीने माणसे ठार मारण्याविरुद्धचे विधेयक कनिष्ठ सभागृहाने १९२२ मध्येच मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते फिलिबस्टरने मारले गेले. १९३० च्या दशकात पुन्हा प्रयत्न झाले, पुन्हा तोच शेवट झाला. या अपयशाबद्दल सिनेटने २००५ मध्ये ठरावाद्वारे माफी मागितली, तीही आवाजी मतदानाने, म्हणजे कोण बाजूने आणि कोण अनुत्सुक याची नावानिशी नोंद न ठेवता. प्रत्यक्ष कायदा झाला २०२२ मध्ये. मधल्या शंभर वर्षांत किती सिनेटर निवृत्त झाले असतील, आणि सभागृहातल्या मैत्रीविषयी किती हृद्य भाषणे झाली असतील? १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या सर्वोच्च न्यायालयातील नियुक्तीच्या वेळी, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या ॲनिटा हिल यांची साक्ष घेणाऱ्या समितीत चौदाच्या चौदा सदस्य गोरे पुरुष होते, आणि शंभर जणांच्या सभागृहात स्त्रिया होत्या फक्त दोन. त्या चौदा जणांचे आपापसांतले संबंध उत्तमच होते.

येथे कोणी म्हणेल की हा सगळा वंश आणि लिंग या प्रश्नांचा भाग झाला. बाकीच्या राज्यकारभारात तरी परस्परविश्वासाने हितच झाले असेल. मला व्हिएतनामचे उदाहरण या युक्तिवादाच्या आड येते असे वाटते. १९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ले झाल्याचे सांगून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लष्करी कारवाईसाठी मोकळीक देणारा ठराव संसदेपुढे मांडला. सिनेटमध्ये तो पार पाडण्याची जबाबदारी परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष, आर्कान्सोचे विल्यम फुलब्राइट यांनी घेतली. जॉन्सन त्यांचे सिनेटमधले जुने सहकारी आणि मित्र होते. विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांना युद्ध वाढवण्याचा अर्थ या ठरावातून निघू नये अशी दुरुस्ती हवी होती. तसा हेतूच नाही, दुरुस्तीने उगाच विलंब होईल, अशी समजूत फुलब्राइट यांनी घातली आणि नेल्सन थांबले. ठराव ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, कनिष्ठ सभागृहात तर विरोधात एकही मत पडले नाही. ज्या दुसऱ्या हल्ल्याचा आधार घेतला होता तो झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. नेल्सन यांनी फुलब्राइट यांच्यावर विश्वास ठेवला, फुलब्राइट यांनी जॉन्सन यांच्यावर. प्रत्येक दुव्यावर स्नेह होता, सौजन्य होते, आणि साखळीच्या शेवटी ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्याहून कित्येक पटींनी अधिक व्हिएतनामी माणसे मेली. विरोधाची दोन मते देणारे ऑरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग सहकाऱ्यांत फारसे लोकप्रिय नव्हते. मोर्स तर पक्ष बदललेले, कोणाशीही भांडणारे गृहस्थ म्हणून कुप्रसिद्ध होते. त्या दिवशी सभागृहाला गरज त्यांच्याच स्वभावाची होती.

फुलब्राइट यांच्याविषयी मात्र आणखी थांबून बोलले पाहिजे, कारण या लेखातल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आयुष्यात परस्परविरोधी मिळतात. आपली फसवणूक झाली हे कळल्यावर ते निवृत्तीची वाट पाहत बसले नाहीत. १९६६ च्या फेब्रुवारीत, समितीच्या अध्यक्षपदावर असताना, स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष सत्तेवर असताना, त्यांनी व्हिएतनामविषयी जाहीर सुनावण्या घेतल्या आणि त्या दूरचित्रवाणीवरून देशाने पाहिल्या. जॉन्सन यांच्याशी असलेले संबंध त्यात संपले. चूक दुरुस्त करण्याची हीच पद्धत, असे मी म्हणेन: अधिकार हातात असताना, किंमत मोजून. पण हेच फुलब्राइट १९५६ मध्ये, शाळांतील वर्णविभाजन रद्द करणाऱ्या न्यायालयीन निर्णयाविरुद्धच्या दक्षिणी सदस्यांच्या जाहीरनाम्यावर सही करून बसले होते, आणि १९६४ व १९६५ च्या हक्कांच्या कायद्यांना त्यांनी विरोधच केला. जगाला समजूतदारपणा शिकवणारा हा विद्वान स्वतःच्या राज्यातील कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मूग गिळून होता.

त्यांच्या समर्थकांनी यावर दिलेले उत्तर या सगळ्या वादातले सर्वांत वजनदार उत्तर आहे. ते असे: फुलब्राइट यांनी वंशाच्या प्रश्नावर मतदारांना दुखावले असते तर आर्कान्सोने त्यांना पाडले असते, त्यांच्या जागी एखादा सामान्य वंशभेदी निवडून आला असता, आणि व्हिएतनामच्या सुनावण्या झाल्याच नसत्या. जागेवर राहणे हीच सार्वजनिक सेवेची पहिली अट आहे. मोर्स आणि ग्रुएनिंग दोघेही १९६८ मध्ये आपली जागा गमावून बसले. कालवा पनामाच्या हवाली करणाऱ्या करारांसाठी १९७८ मध्ये झटलेले आयडाहोचे फ्रँक चर्च १९८० मध्ये पराभूत झाले. जो बोलतो तो जातो, आणि जो जातो तो काहीच करू शकत नाही. मग बोलणे निवृत्तीपर्यंत पुढे ढकलणाऱ्याला भित्रा का म्हणायचे?

या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे की बोलल्याचा परिणाम पराभव हाच असतो. इतिहास इतका आज्ञाधारक नाही. फुलब्राइट यांच्या शेजारच्या टेनेसी राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी, एस्टेस कीफॉव्हर आणि ॲल्बर्ट गोर थोरले यांनी, १९५६ च्या त्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. गोर १९५८ मध्ये आणि कीफॉव्हर १९६० मध्ये पुन्हा निवडून आले. (गोर यांनी १९६४ च्या कायद्याला विरोध केला, हेही नोंदवले पाहिजे, धैर्यही हप्त्याहप्त्याने येते.) यादवी युद्धाच्या वेळी संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर दक्षिणी राज्यांतून १९६४ च्या कायद्याच्या बाजूने मत देणारे एकमेव सिनेटर होते टेक्ससचे राल्फ यारबरो, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जॉर्ज बुश थोरले यांना हरवून आपली जागा राखली. मेनच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. १ जून १९५० रोजी, सिनेटमध्ये येऊन दीड वर्षही झाले नसताना, त्यांनी स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातल्या जोसेफ मॅकार्थी यांच्या, माणसांना कम्युनिस्ट ठरवणाऱ्या बेछूट आरोपसत्राविरुद्ध सभागृहात भाषण केले. मॅकार्थी यांनी सूड म्हणून त्यांना चौकशी उपसमितीतून काढले आणि १९५४ च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवाराच्या पाठीशी बळ लावले. मेनच्या मतदारांनी त्या उमेदवाराचा धुव्वा उडवला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांची निंदा केली. स्मिथ १९७३ पर्यंत सिनेटमध्ये राहिल्या. ‘बोललो असतो तर संपलो असतो’ हे भाकीत असते, आणि ते करणाऱ्याचे हित त्या भाकितात गुंतलेले असते. म्हणून त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी थोडा संशय घेणे रास्त आहे.

दुसरे असे की जागेवर राहण्याची किंमत कोणी मोजली? फुलब्राइट यांच्या मौनाचे बिल त्यांच्या नावावर आले नाही. ते आर्कान्सोच्या अशा नागरिकांनी भरले, ज्यांच्यापैकी पुष्कळांना मतदानाचा हक्कही धडपणे बजावता येत नव्हता. स्वतःच्या करिअरचा त्याग करायचा की नाही हे माणसाने स्वतः ठरवावे, त्यावर दुसऱ्याने फार बोलू नये. पण दुसऱ्याच्या हक्काचा त्याग करून आपली उपयुक्तता टिकवणे आणि नंतर त्याला कर्तव्य म्हणणे, हे वेगळ्या जातीचे आहे.

भारतीय वाचकाच्या मनात येथे एक तुलना येणे स्वाभाविक आहे, आणि ती अमेरिकी सिनेटरांना अनुकूल ठरत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्याकडच्या खासदाराने पक्षादेश मोडून मतदान केले तर त्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. राज्यसभेतून निवृत्त होताना एखादा सदस्य ‘तेव्हा मनाविरुद्ध हात वर केला’ असे म्हणाला, तर त्याच्या मौनाला निदान कायद्याचे कारण असते. अमेरिकेत असा कायदा नाही. सहा वर्षांची मुदत, पक्षाच्या विरोधात मत देऊनही अबाधित राहणारी जागा, आणि अमर्याद बोलण्याची परंपरा: जगातल्या फार थोड्या लोकप्रतिनिधींना इतके संरक्षण आहे. मग भीती कशाची? पुढच्या प्राथमिक निवडणुकीची, एवढेच. पक्षांतरबंदीच्या आधीच्या काळात आपल्याकडेही सत्तेत असताना बोलल्याचे उदाहरण आहे आणि ते मराठी माणसाला सांगावे लागू नये. चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर आणि तिथल्या गोळीबाराबाबतच्या सरकारच्या भूमिकेवर असहमती दर्शवून केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याची कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. त्यांचे सार्वजनिक आयुष्य त्या दिवशी संपले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगापासून दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत ते पुढे चालूच राहिले.

निवृत्त सिनेटर अधोगतीची जी कारणे देतात, त्यांतही एक लक्षणीय गाळणी असते. १९८६ मध्ये सभागृहात कॅमेरे आले, सदस्य गुरुवारी विमान पकडून घरी जाऊ लागले, कुटुंबे वॉशिंग्टनमध्ये राहीनाशी झाली, निधी गोळा करण्यात दिवस जाऊ लागले, हे सगळे खरे आहे. याहून मोठे कारणही खरे आहे: पूर्वी दोन्ही पक्षांत उदारमतवादी आणि पुराणमतवादी असे दोन्ही गट होते, आणि नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर दक्षिणेने डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्ष धरल्यावर ही सरमिसळ हळूहळू संपली. ही कारणे सांगताना कर्ता कोणीच नसतो. जणू हवामान बदलले. प्रत्यक्षात काही गोष्टी नावानिशी माणसांनी केल्या. नियुक्त्यांवरील फिलिबस्टर संपवायला लागणारी वाढीव मतांची अट २०१३ मध्ये डेमोक्रॅट सदस्यांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत २०१७ मध्ये रिपब्लिकन सदस्यांनी साध्या बहुमताने मोडली. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांच्या नियुक्तीवर सुनावणीसुद्धा घेतली गेली नाही. त्या वेळी बाकांवर बसलेल्यांपैकी अनेक जण नंतर परंपरेच्या ऱ्हासाबद्दल हळहळत निवृत्त झाले. बाय यांच्याविषयी तर एवढे नोंदवणे पुरे की सभागृहाला कंटाळून बाहेर पडल्यावर ते एका बड्या कायदा संस्थेत आणि एका गुंतवणूक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाले आणि २०१६ मध्ये त्याच सभागृहासाठी पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. पडले, ही गोष्ट वेगळी.

तरीही कुचेष्टा करणाऱ्यांच्या बाजूला मी जात नाही, कारण साक्षीदाराशिवाय काही गोष्टी कळणारच नाहीत. कोणते विधेयक कोणाच्या एका शब्दावर अडले, एकमताच्या संमतीवर चालणारे कामकाज एका सदस्याने कसे रोखून धरले, समितीच्या बंद दाराआड कोणाचे नाव कशाच्या बदल्यात पुढे गेले, हे छापील कार्यवृत्तात सापडत नाही. ते आत बसलेला माणूसच सांगू शकतो. न्यायालय जसे साक्षीदाराच्या स्वतःच्या हिताविरुद्ध जाणाऱ्या कथनाला अधिक वजन देते, तसेच आपणही द्यावे. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेत होते आणि १९६४ च्या कायद्याविरुद्ध चौदा तासांहून अधिक बोलले होते. त्यांनी या भूतकाळाबद्दलचा पश्चात्ताप पदावर असताना, मतदारांना पुन्हा सामोरे जायचे असताना, वारंवार जाहीरपणे व्यक्त केला. २००२ मध्ये इराक युद्धाच्या अधिकारपत्राविरुद्ध ज्या २३ जणांनी मत दिले त्यांत ते होते, आणि विरोध करताना त्यांनी टोंकिनच्या ठरावाची आठवण सभागृहाला करून दिली. १९६४ मध्ये त्या ठरावाच्या बाजूने त्यांनी स्वतः मत दिले होते. ही साक्ष उपयोगाची आहे, कारण ती बोलणाऱ्यालाच महाग पडणारी आहे आणि ती एका प्रत्यक्ष मताला जोडलेली आहे.

याच मापाने टिलिस यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे: त्यांनी आधी मत दिले, नंतर घोषणा केली, आणि विधेयक ५१ विरुद्ध ५० असे काठावर मंजूर झाले तेव्हाही त्यांचे मत विरोधातच होते. मॅककॉनेल यांचा हिशेब अवघड आहे. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी महाभियोगाच्या खटल्यात त्यांनी ट्रम्प निर्दोष असल्याच्या बाजूने मत दिले, आणि त्याच दिवशी भाषण करून संसद भवनावरील ६ जानेवारीच्या हल्ल्याची व्यावहारिक व नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच असल्याचे सांगितले. माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालवता येत नाही, हे त्यांचे कारण होते. पण कनिष्ठ सभागृहाने महाभियोग १३ जानेवारीलाच, ट्रम्प पदावर असतानाच, मंजूर केला होता. ट्रम्प यांची मुदत २० जानेवारीला संपत असताना १९ तारखेपूर्वी सिनेट बोलावण्यास नकार देणारे बहुमताचे नेते मॅककॉनेलच होते. नेतेपद सोडल्यानंतर, २०२५ च्या आरंभी, त्यांनी संरक्षण आणि आरोग्य खात्यांच्या नियुक्त्यांविरुद्ध मते दिली. ती चांगलीच झाली. त्या नियुक्त्या मात्र तरीही मंजूर झाल्या, आणि २०२१ मध्ये दोषी ठरवण्याच्या बाजूने पडलेली ५७ मते आवश्यक ६७ पर्यंत पोचवण्याचे सामर्थ्य ज्या एका माणसात असण्याची शक्यता होती, तो माणूस तेव्हा नेतेपदावर होता. उद्या त्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांनी जुन्या मैत्रीविषयी जरूर विचारावे. पण १३ ते १९ जानेवारी या सहा दिवसांविषयी आधी विचारावे.

मत पडायच्या आत बोललेल्या शब्दाने सभागृहात नेमके काय होऊ शकते, याचा हिशेब एकदा तरी आकड्यांत मिळतो. २२ जुलै १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स यांनी बंडखोर दक्षिणी संघाच्या वारस-स्त्रियांच्या संघटनेच्या बोधचिन्हाचे विशेष पेटंट पुढे चालू ठेवणारी दुरुस्ती एका विधेयकाला जोडली. त्या चिन्हावर गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या राजवटीचा ध्वज होता. ज्येष्ठ सहकाऱ्याची किरकोळ मागणी म्हणून सदस्यांनी फारसे लक्ष दिले नाही, आणि ती बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ असा फेटाळला गेला. तेव्हा सभागृहातल्या एकमेव कृष्णवर्णीय सदस्या, इलिनॉयच्या कॅरोल मोझली ब्रॉन, सिनेटमध्ये येऊन अवघे सहा महिने झाले असताना, उठल्या आणि सभासंकेतांची भीड न बाळगता संतापाने बोलल्या. हा विषय पुन्हा मतास टाकेपर्यंत आपण सभागृहाला सोडणार नाही असे त्यांनी बजावले. त्यानंतर अलाबामाचे हॉवेल हेफ्लिन उभे राहिले. त्यांच्या पूर्वजांनी संघराज्यातून फुटून निघण्याच्या दस्तऐवजावर सही केली होती. त्यांनी आपले मत बदलत असल्याचे सांगितले. दुसऱ्या मतदानात दुरुस्ती ७५ विरुद्ध २५ मतांनी बाजूला ठेवण्यात आली. काही तासांत २७ मते फिरली होती, आणि ती फिरवणारे कोणीही त्या दिवशी निवृत्त होत नव्हते.